डोक्यातली पाण्याची पिशवी आणि दुपारची डोकेदुखी

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. चार पानांचं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. मागच्या महिन्यात सायकलवरून सिमेंट रोडवर पडला. डोक्याला टेंगूळ आलं, एक उलटी झाली, म्हणून सीटी स्कॅन केला. मार लागल्याचं काही निघालं नाही, पण डाव्या कानशिलाच्या आत साडेतीन बाय अडीच सेंटिमीटरची अरॅक्नॉइड सिस्ट आहे असं रिपोर्टमध्ये आलं. गॅलासी टाइप टू, मिडलाइन शिफ्ट नाही असंही लिहिलं आहे. गेल्या वर्षभरापासून तो शाळेतून आला की 'आई, डोकं दुखून राहिलं' म्हणतो. रविवारी काही म्हणत नाही. दिवाळीत काटोलला मामाकडे पंधरा दिवस होता, तिथेही एकदा दुखलं नाही. कधीकधी उलटी होते, मग झोपतो आणि उठला की बरा असतो. मला स्वतःला लग्नाआधीपासून अर्धशिशी आहे. एक डॉक्टर म्हणाले, सध्या काहीच करायचं नाही, सहा महिन्यांनी एमआरआय करू. दुसरे म्हणाले, डोकं दुखतंय ना, मग दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्या, फुटली तर पंचाईत होईल. सासूबाई म्हणतात, पोटात होता तेव्हा हिनं ग्रहण पाळलं नाही. जाऊबाई म्हणतात, पत्ताकोबीतली अळी डोक्यात गेली. मी सातव्या महिन्यात स्कूटीवरून घसरले होते, हे आजवर कोणालाच सांगितलं नाही. त्यामुळे झालं का? हा कॅन्सर तर नाही? सायकल मी गच्चीवर नेऊन ठेवली आहे. पोरगा आता डाव्या कानावर हात ठेवून झोपतो."

ताई, सगळ्यात आधी स्कूटीचं बोलू, कारण बाकीच्या चार पानांत तुम्ही ते एकाच ओळीत उरकलं आहे आणि तेच तुम्हाला सगळ्यात जास्त छळत असणार. तुम्ही सातव्या महिन्यात घसरलात त्यामुळे हे झालेलं नाही. मेंदूभोवतीची आवरणं गर्भात पहिल्या तीन-चार महिन्यांतच एकमेकांपासून सुटी होतात. तुमच्या मुलासारखी सिस्ट त्याच वेळी तयार होते, बहुतेक वेळा आईला आपण गरोदर आहोत हे नुकतंच कुठे कळलेलं असतं तेव्हा. सातव्या महिन्यात तुम्ही पडलात तेव्हा ती असलीच तर आधीपासून होती. ग्रहणाचा तर प्रश्नच नाही. आकाशात चंद्राची सावली पडते म्हणून पोटातल्या बाळाच्या मेंदूवरचा पडदा दुभंगत नाही. सासूबाईंशी वाद घालू नका, त्याही घाबरल्या आहेत आणि घाबरलेलं माणूस कारण शोधत असतं. पण मनातल्या मनात स्वतःला गुन्हेगार ठरवणं आजपासून बंद करा. तीस वर्षं मी लहान मुलांना तपासते आहे. अशा प्रत्येक आजाराच्या मागे एक आई कोपऱ्यात बसून नऊ महिन्यांतला एकेक दिवस आठवत असते, आणि ते पाहून मला दर वेळी तितकंच वाईट वाटतं.

आता ही सिस्ट म्हणजे काय ते सांगते. घरात संत्रं असेल तर एक हातात घ्या. आपल्या नागपुरी संत्र्याचं साल सैल असतं, अंगठा घातला की सुटतं. साल काढलंत की आत पांढरे धागे दिसतील, जाळीसारखे, आणि त्याखाली फोडींना चिकटलेली पातळ पारदर्शक कातडी. मेंदूवरची आवरणं साधारण अशीच आहेत. बाहेर जाड आवरण, फोडींना चिकटलेलं अगदी तलम आवरण, आणि या दोघांच्या मधे कोळ्याच्या जाळ्यासारखं एक. ग्रीक भाषेत कोळ्याला जो शब्द आहे त्यावरूनच अरॅक्नॉइड हे नाव आलं. त्या जाळ्याखालून पाणी वाहत असतं, ज्याला डॉक्टर सीएसएफ म्हणतात. मोठ्या माणसाच्या डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून ते एका वेळी जेमतेम दीडशे मिलिलिटर असतं, पण दिवसाला अर्धा लिटर नवीन तयार होतं आणि तितकंच रक्तात शोषलं जातं. म्हणजे अख्खं पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलतं.

घडताना कधीकधी या जाळीदार आवरणाचे दोन पदर होतात आणि मधे तेच स्वच्छ पाणी साचून एक पिशवी तयार होते. एवढंच. तिच्यात पू नाही, मांसाचा गोळा नाही, कॅन्सरच्या पेशी नाहीत. ही गाठ नाही, म्हणून घरात 'डोक्यात गाठ आहे' असं म्हणणं कृपा करून थांबवा. 'पाण्याची पिशवी' म्हणा, तेच खरं आहे. रिचर्ड ब्राइट या इंग्रज डॉक्टरांनी १८३१ साली तिचं पहिलं वर्णन केलं. तेव्हा ती शवविच्छेदनातच दिसायची, आता सीटी आणि एमआरआय घरोघरी होतात म्हणून जिवंत, हसत्याखेळत्या माणसांत सापडते. मेंदूचा एमआरआय झालेल्या लोकांच्या मोठ्या पाहण्यांत ती मुलांमध्ये शंभरात दोन-तीन जणांत आणि मोठ्यांमध्ये शंभरात एक-दोन जणांत आढळली आहे. हजार मुलांच्या शाळेत सकाळी प्रार्थनेला उभ्या असलेल्यांपैकी वीस-तीस जणांच्या डोक्यात ती असावी, आणि त्यांच्या आयांना ते कधी कळणारही नाही. तुम्हाला कळलं ते सायकलवरून पडल्यामुळे.

सगळ्याच सिस्ट जन्मापासूनच्या नसतात. डोक्याला मोठी जखम झाली, मेंदूज्वर होऊन गेला, मेंदूत रक्तस्राव झाला किंवा मेंदूचं ऑपरेशन झालं, तर आवरणं एकमेकांना चिकटतात आणि त्यात पाणी अडकून नंतरही पिशवी बनते. तुमच्या मुलाला यातलं काही झालेलं नाही. मागच्या महिन्यात पडला त्याने ती तयार झाली असंही नाही, कारण त्याच संध्याकाळच्या सीटीत ती पूर्ण आकाराची दिसली. काही घराण्यांत मूत्रपिंडात पाण्याच्या फोडांचा आजार चालत येतो, त्यांच्यात या सिस्ट जास्त दिसतात. तुमच्या माहेरी किंवा सासरी कोणाचं डायलिसिस चालू असेल तर डॉक्टरांना तेवढं सांगा. नाहीतर यात खानदानी काही नसतं. मुलींपेक्षा मुलांत जास्त आणि डाव्या कानशिलाच्या आत सर्वांत जास्त, असा तिचा कल आहे. तुमच्या मुलाची सिस्ट म्हणजे अगदी नेहमीच्या जागी असलेली नेहमीची सिस्ट आहे.

जाऊबाईंच्या अळीचंही सांगते, कारण त्या गैरसमजातून का होईना, पण एका खऱ्या आजाराबद्दल बोलत आहेत. टेपवर्मची अंडी न धुतलेल्या भाजीतून, घाण पाण्यातून पोटात गेली तर मेंदूत त्यांच्या छोट्या पिशव्या होतात आणि मुलांना फिट येतात. आपल्याकडे मुलांमधल्या फिटचं हे मोठं कारण आहे. पण त्या पिशव्या वेगळ्या दिसतात. सहसा मटारच्या दाण्याएवढ्या, मेंदूच्या आत, भोवती सूज, कधी मधे ठिपका. तुमच्या मुलाची पिशवी मेंदूच्या बाहेर, कवटीला लागून आहे. जंताचं औषध देऊन ती जाणार नाही. पत्ताकोबी मात्र पानं सुटी करून धूतच जा.

रिपोर्टमधल्या 'टाइप टू'चा अर्थ असा. गॅलासी नावाच्या इटालियन न्यूरोसर्जननी १९८२ साली कानशिलाजवळच्या या सिस्टचे तीन प्रकार केले. पहिल्यात छोटी पिशवी पुढच्या टोकाला असते आणि भोवतालच्या पाण्याशी तिची सरळ ये-जा असते. दुसरीत पिशवी मधली, ये-जा हळूहळू. तिसरी अख्खी जागा व्यापते आणि मेंदू पलीकडे सरकवते. तुमची मधली आहे आणि मेंदू मधल्या रेषेवरून हललेला नाही. शेजारचा मेंदू लहानपणापासून तिला जागा देऊन वाढला आहे. मूल नीट बोलतं, अभ्यास करतं, सायकल चालवतं, म्हणजे त्या मेंदूचं काम व्यवस्थित चाललं आहे.

मग धोके कोणते? खरे आहेत तेवढेच सांगते. पिशवी वाढून पाण्याची वाट अडवली तर मेंदूत पाणी तुंबतं, तान्ह्या बाळाचं डोकं भराभर मोठं होतं. हे मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत घडतं. चार-पाच वर्षांच्या पुढे सापडलेली सिस्ट नंतर वाढणं क्वचितच होतं, आणि तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीजवळ सिस्ट असेल तर नजर कमी होते, मुलगी लवकर वयात येते, काही मुलांची मान तंजावरच्या बाहुलीसारखी डुलत राहते. मागच्या बाजूला, लहान मेंदूजवळ असेल तर चालताना तोल जातो. यातली कुठलीच जागा तुमची नाही. कानशिलाजवळच्या सिस्टमध्ये काही मुलांना फिट येते. तुमच्या मुलाला आलेली नाही, तेव्हा 'आधीच सुरू करून ठेवू' म्हणून फिटच्या गोळ्या द्यायच्या नाहीत.

आणि 'फुटणं'. हा शब्द ऐकून तुम्ही किती रात्री जागल्या असाल. पिशवी फुटली तरी विष पसरत नाही, आत असतं ते रोजचंच पाणी. ते जाड आवरणाखाली जाऊन साचू शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पिशवीच्या भिंतीवरून आणि तिच्या माथ्यावरून बारीक शिरा जातात, मागे मेंदूचा आधार नसल्याने त्या ताणलेल्या असतात आणि एरवी काही झालं नसतं अशा साध्या माराने क्वचित तुटतात. मग रक्त हळूहळू साचतं. हळूहळू हा शब्द लक्षात ठेवा. माझ्याकडे पूर्वी एक चौदा वर्षांची मुलगी यायची, झोक्यावरून पडली, त्या दिवशी काही नाही. तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं, रोज थोडं जास्त. सगळ्यांनी परीक्षेचं टेन्शन म्हटलं, सुरुवातीला मीसुद्धा. सकाळी सकाळी उलट्या सुरू झाल्या तेव्हा स्कॅन केला, सिस्टच्या बाजूला रक्त साचलेलं होतं. ऑपरेशन झालं, मुलगी ठणठणीत आहे. पण ते आठ-दहा दिवस मी कधी विसरले नाही, आणि तेव्हापासून डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला महिनाभर कशाकडे लक्ष द्यायचं ते मी कागदावर लिहून देते. असं होण्याचं प्रमाण फार कमी आहे. सिस्ट असलेल्या बहुतेक मुलांच्या आयुष्यात हा प्रसंग येतच नाही.

आता डोकेदुखी. तुमच्या पत्रातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि दोन डॉक्टरांचं मत वेगळं झालं ते इथेच.

सिस्ट आहे आणि डोकं दुखतंय, ही दोन्ही विधानं खरी आहेत. पण एकामुळे दुसरं, हे त्यातून सिद्ध होत नाही. तुमचंच पत्र परत वाचा. दुखणं शाळेतून आल्यावर. रविवारी नाही. काटोलला पंधरा दिवसांत एकदाही नाही. सिस्ट तर रविवारीही डोक्यात असते, काटोललाही गेली होती. उलटी झाली की झोपतो आणि उठला की बरा, आईला अर्धशिशी. मुलांमधली अर्धशिशी बरेचदा अशीच असते, एका बाजूला नाही तर पूर्ण कपाळावर, तासा-दोन तासांची, झोपेने जाणारी. मी पत्रावरून निदान करत नाही, पण खुर्चीत समोर बसला असता तर मी आधी त्याची पाण्याची बाटली मागितली असती. आपल्या शाळांत कित्येक मुलं भरलेली बाटली भरलेलीच घरी आणतात, बाथरूमला जायला लागू नये म्हणून. त्यात बंद व्हॅनमधून उन्हात पाऊण तास, सकाळी घाईत अर्धा कप दूध, डबा तसाच. नागपूरच्या मार्च-एप्रिलमध्ये एवढ्याने मोठ्या माणसाचंही डोकं धरतं.

एक जुनी वही घ्या. दीड महिना रोज तीन-चार शब्द लिहा: किती वाजता दुखलं, त्याआधी काय खाल्लं, बाटलीत किती पाणी उरलं, रात्री किती वाजता झोपला, उलटी झाली का. त्याच्याकडून लिहून घेतलंत तर उत्तम, आठ वर्षांची मुलं हे फार मन लावून करतात. ती वही घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे जा. न्यूरोलॉजिस्टला या वहीतून जे कळेल ते सीटीच्या फिल्ममधून कळणार नाही.

मेंदूतला दाब वाढल्याने होणारी डोकेदुखी वेगळी असते. ती पहाटे झोपेतून उठवते, खोकलं किंवा वाकलं की वाढते, आठवड्यागणिक जास्त होत जाते, सोबत दोन-दोन दिसणं, डोळा तिरका होणं, अडखळत चालणं, अभ्यासात एकदम मागे पडणं असं काहीतरी असतं. सुट्टी बघून ती थांबत नाही. आणि हा दाब ओळखायची एक साधी, स्वस्त तपासणी आहे, जी तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही: डोळ्याच्या पडद्याची. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि मागची नस सुजली आहे का ते बघतात. अर्ध्या तासाचं काम आहे, नंतर काही तास जवळचं धूसर दिसेल एवढंच. हे या आठवड्यात करून घ्या. नंबर लागला असेल तर तेही लगे हात कळेल.

पडद्यावर सूज नाही, फिट नाही, हातापायात अशक्तपणा नाही, डोकेदुखी अर्धशिशीच्या वळणाची, असं असेल तर ऑपरेशनची घाई नको, हे माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. दुर्बिणीतून पिशवीला खिडकी पाडून तिचं पाणी बाकीच्या पाण्यात सोडतात, किंवा कवटी उघडून तेच करतात, किंवा पोटापर्यंत नळी बसवतात. गरज असेल तेव्हा ही ऑपरेशनं मुलांची नजर आणि जीव वाचवतात. पण त्यात पाणी गळणं, इन्फेक्शन, रक्त साचणं हे धोके आहेत, आणि नळी बसवली तर ती तुंबते, बदलावी लागते, मूल तिच्यावर अवलंबून राहू शकतं. पिशवी दर वेळी नाहीशी होतच नाही. आणि डोकेदुखी अर्धशिशीची असेल तर ऑपरेशननंतरच्या पहिल्या शाळेच्या दिवशी ती परत येईल. त्यांना शांतपणे दोन प्रश्न विचारा: हे दुखणं सिस्टमुळेच आहे हे कशावरून? आणि आत्ता केलं नाही तर सहा महिन्यांत काय बिघडेल? उत्तराने समाधान झालं नाही तर मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये किंवा मिहानच्या एम्समध्ये न्यूरोसर्जरीच्या ओपीडीत तिसरं मत घ्या. सगळे रिपोर्ट आणि सीटीची सीडी सोबत न्या, नुसता कागद नको. पुढेमागे खर्चाची वेळ आलीच तर रेशन कार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेचं विचारा.

एमआरआयला घाबरू नका, त्यात किरणं नसतात. परत परत सीटी मात्र नको, लहान मुलाला तेवढी किरणं विनाकारण द्यायची नाहीत. एमआरआयमध्ये आतलं पाणी साधंच आहे ना, की तशीच दिसणारी दुसरी एखादी गोष्ट आहे, हेही पक्कं होतं. मशीन फार खडखड आवाज करतं, ते त्याला आधी सांगून ठेवा. कानात बोळे देतात, अर्धा तास पुतळा होऊन पडायचं. आठ वर्षांचं मूल भुलीशिवाय करू शकतं, आई खोलीत असली तर नक्कीच.

घरात सगळ्यांना माहीत हवं ते आता. डोक्याला मार लागल्यावर त्या दिवशी, किंवा पुढच्या महिना-दीड महिन्यात कधीही, डोकेदुखी वाढत चालली, वारंवार उलट्या झाल्या, मूल नेहमीपेक्षा जास्त झोपायला लागलं किंवा नीट जागं होईना, वागणं बदललं, एक हात किंवा पाय ओढायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं आणि दारातच सांगायचं, 'याला डाव्या बाजूला अरॅक्नॉइड सिस्ट आहे.' फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, घड्याळ बघा आणि गाडी काढा. रिपोर्टचा फोटो तुमच्या, त्याच्या बाबांच्या आणि मामाच्या मोबाइलमध्ये असू द्या. वर्गशिक्षिकांना चार ओळींची चिठ्ठी द्या, पण त्यात 'खेळू देऊ नये' लिहू नका.

खेळाचं असं आहे. अशा बहुतेक मुलांना खेळायला हरकत नसते. पळणं, पोहणं, बॅडमिंटन, प्लास्टिकच्या बॉलचं क्रिकेट खुशाल. लेदर बॉल आला की हेल्मेट. ज्यात डोक्यावर मार बसणं हाच खेळाचा भाग आहे, बॉक्सिंग, कराटेच्या लढती, तिथे नको. कबड्डीचं मात्र एमआरआय झाल्यावर तुमच्या सर्जनला विचारून ठरवा. संक्रांतीला कठड्याविना गच्चीवर पतंग उडवणं कोणत्याच मुलाला नको, याला तर नकोच. टू-व्हीलरवर मागे बसतो तेव्हा त्याच्या मापाचं हेल्मेट घाला. बाबांचं मोठं हेल्मेट डोक्यावर गरगर फिरतं, त्याचा उपयोग नाही.

शेवटी तो डाव्या कानावर हात ठेवून झोपतो त्याबद्दल. त्याने सगळं ऐकलं आहे, ताई. गाठ, अळी, फुटेल, ऑपरेशन, मोठ्यांनी दबक्या आवाजात बोललेला प्रत्येक शब्द. तो ती पिशवी फुटू नये म्हणून धरून झोपतो आहे. आज संध्याकाळी त्याला जवळ घेऊन बसा, संत्रं सोला, ते पांढरे धागे त्याला दाखवा. सांगा की तुझ्या डोक्यात इथे थोडं जास्त पाणी आहे, तू माझ्या पोटात होतास तेव्हापासून आहे, आणि हात ठेवला नाहीस तरी ते जागेवरच राहतं. प्रश्न विचारेल, विचारू द्या. रडला तर रडू द्या. मग हेल्मेट घ्यायला त्याला सोबत न्या, रंग त्याचा त्याला निवडू द्या, आणि आल्यावर दोघं मिळून सायकल गच्चीवरून खाली आणा.